तांब्यावरून पुसलेला मनोरा

ऑल्डरहॅमच्या नगरभवनात त्या सकाळी ज्या मनोऱ्याचा निकाल लागायचा होता, तो नगरभवनाच्या खिडकीतून स्वच्छ दिसत होता, आणि त्याच्याकडे कोणीही पाहत नव्हते. भरल्या सभागृहाचे डोळे लागले होते ते टेबलावर टेकवून ठेवलेल्या, काळ्या चौकटीतल्या एका छापचित्राकडे. डॉक्टर हेस्टर मॅबटला याचे नवल वाटले नाही. आपल्या देशातला सुशिक्षित माणूस भिंतीवर विश्वास टाकत नाही. भिंतीविषयीच्या कागदावर टाकतो, आणि त्या कागदाच्या तळाशी एखादे साल कोरलेले असले की प्रत्यक्ष भिंत ही त्याला अडचणच वाटू लागते, हे तिला अर्ध्या आयुष्याच्या अभ्यासाने पटलेले होते.

मनोरा होता ड्रेवेट हॉलच्या प्रवेशद्वाराचा. मूळ घर आता उरले नव्हते. युद्धात तिथे सैन्य राहिले, आणि सैन्याने जे शिल्लक ठेवले ते वारसांनी वारसाकरापायी पाडून विकले. राहिली ती ही देवडी: दोन अंगांना अष्टकोनी बुरूज, मध्ये कमान, दोन बोटे जाडीच्या लाल विटा, त्या लालीत जास्त भाजून निळसर काळ्या पडलेल्या विटांची तिरकी चौकट, आणि माथ्यावर भाजक्या मातीचा पायऱ्यापायऱ्यांचा कठडा. हेस्टरच्या मते ती सोळाव्या शतकातली, आठव्या हेन्रीच्या अमदानीतली होती. जिल्हा काउन्सिलच्या मते ती बंदराकडे जाणाऱ्या नव्या रुंद रस्त्याच्या बरोबर मध्ये होती. या दोन मतांत तसा विरोध काहीच नव्हता. तो निर्माण करण्यासाठी काउन्सिलने लंडनहून सर डेन्झिल क्रोहर्स्ट यांना बोलावले होते.

सर डेन्झिल मंत्रालयाच्या त्या समितीवर होते, जी कोणत्या जुन्या इमारतीने जगावे आणि कोणत्या इमारतीने रस्त्याला जागा द्यावी हे ठरवत असे. उंच देह, रुपेरी केस, आणि रेडिओवर मुरलेला आवाज. त्या आवाजात चूकसुद्धा अशी न्हाऊनमाखून येई, की तिला बसायला खुर्ची द्यावीशी वाटे.

"हे पाहा, महाशय," ते चौकशी अधिकारी मिस्टर इलिफ यांना म्हणाले, "ड्रेवेट हॉलची दर्शनी बाजू. तळाशी कोरणाऱ्याचं नाव आणि साल, सतराशे अडतीस. घर आहे. धुरांडी आहेत. समोर हिरवळ आहे, हिरवळीवर दोन गाई आहेत. मनोरा कुठे आहे?" त्यांनी सभेवरून नजर फिरवली. "मीही शोधला. गाईंच्या मागेसुद्धा पाहिलं."

सभागृह हसले.

"सतराशे अडतीस साली जो नव्हता, तो त्यानंतर बांधला गेला, इतकं साधं आहे हे. कोणा हौशी व्हिक्टोरियन ड्रेवेटनं पूर्वजांची राहिलेली हौस पुरवली असणार. विटा चांगल्या आहेत. जरा जास्तच चांगल्या आहेत. तो नाटकातला पडदा आहे, महाशय. इतिहास नव्हे."

मिस्टर इलिफ हे सरकारने अशा चौकशांसाठी नेमलेले सडपातळ, सावध गृहस्थ होते. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "याच चित्राची याहून जुनी एक छपाई होती आणि तिच्यात मनोरा होता, असं छापचित्रांच्या एका सूचीत म्हटलंय."

"डॉक्टर मॅबट यांच्या सूचीत. हो, हो. फार कष्टाळू काम आहे. ती जुनी छपाई डॉक्टर मॅबटनी तरुणपणी पाहिली, आणि पुढे ती लंडनच्या बाँबफेकीत जळाली. त्यांच्याशिवाय ती कोणाच्या दृष्टीला पडल्याचं ऐकिवात नाही. स्मरणशक्ती ही मोठी उदार बाई असते."

पुन्हा हशा. तिसऱ्या रांगेत बसलेल्या हेस्टरने हातमोजे काढून मांडीवर नीट घडी घालून ठेवले. तीस वर्षांपूर्वी तिच्या सूचीचे परीक्षण लिहिताना याच माणसाने हाच शब्द वापरला होता. विद्वानांच्या बोलीत गाढवाला कष्टाळू म्हणतात. तिच्या रागाची जात तापण्याची नव्हती. तो जितका वाढे तितका थंड आणि धारदार होई, आणि आज त्याला चांगली धार चढली होती.

जळालेले ते चित्र तिला अजून रेघ न् रेघ आठवत होते. पण तिचा भरवसा आठवणीवर नव्हता, तांब्यावर होता. चित्र ज्यावर कोरतात तो तांब्याचा पत्रा कोरणाऱ्यापेक्षा जास्त जगतो. तो विकला जातो, वारशाने जातो, आणि नव्या मालकाला जुने काही नकोसे झाले की तेवढा भाग खरवडून, घोटून, मागून ठोकून सपाट करतात आणि त्यावर नवे कोरतात. सालाला मात्र कोणी हात लावत नाही. जुने साल म्हणजे घराण्याची अब्रू. ती कोण खरवडेल? म्हणून चित्र बदलत जाते आणि साल तिथल्या तिथे राहते. हे चित्र कोरवून घेणाऱ्या ड्रेवेटांच्या नातवाच्या काळी हिरवळीची टूम निघाली होती. लाल विटांची देवडी त्याला खेडवळ वाटली. ती पाडायला बराच खर्च आला असता, चित्रातून पाडायला जवळजवळ काहीच नाही. ही गोष्ट छापचित्रांच्या व्यवहारात वावरलेल्या कोणालाही ठाऊक असायला हवी. सर डेन्झिल चित्रांच्या व्यवहारात नव्हते, मतांच्या व्यवहारात होते.

जेवणाच्या सुट्टीपूर्वी पुरावे पाहण्याची मुभा मिळाली. हेस्टर चित्रासमोर वाकली. तिच्या शेजारी येऊन उभी राहिली ऊना गॅरड, गावच्या इतिहास मंडळाची चिटणीस. ढोरांच्या डॉक्टरची ही विधवा, आणि तिचा आवाज गोठ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायला सरावलेला.

"अगं, नाक चिकटेल काचेला. मनातल्या मनात शिव्या देतेयस का त्याला?"

"हळू बोल. गाई बघ."

"बघितल्या. आमचे हे असते तर म्हणाले असते, दोघींचीही पोटं फुगलीत."

"सावल्या बघ त्यांच्या."

ऊनाने चष्मा सारखा केला. "अगंबाई. घराची सावली उजवीकडे, आणि ह्यांची डावीकडे. दोन सूर्य होते की काय ड्रेवेटांकडे?"

"दोन कोरणारे होते. मनोरा खरवडला तिथे पत्र्यावर खळगा पडला. ठोकून वर आणला तरी छापताना तिथे मळकट डाग येतोच. तो झाकायला गाई आणून बांधल्या."

"मग उठ आणि सांग की तसं!"

"गाईंच्या सावलीवरून काउन्सिलचा रस्ता अडवू? क्रोहर्स्ट म्हणेल, कोरणारा प्यालेला होता, आणि सगळे पुन्हा हसतील. आता कागद बघ. त्याच्या अंगात बारीक रेघा दिसतात का?"

"नाही बाई. कसा गुळगुळीत आहे, छान."

"छान आहे हाच गुन्हा आहे. त्या काळी कागद तारांच्या चाळणीवर बनायचा, तारांच्या रेघा त्यात उमटायच्याच. असा बिनरेघांचा कागद सतराशे अडतीसमध्ये इंग्लंडात बनतच नव्हता. हा फार पुढचा आहे. आणि पुढचे कागदवाले आपलं नाव आणि साल कागदाच्या अंगातच घालायचे. जलचिन्ह. उजेडासमोर धरलं की दिसतं."

"म्हणजे यात आहे साल?"

"असावं. मोठा ताव कापून दोन चित्रं छापायचे, आणि साल कधी कधी एकाच अर्ध्यात यायचं."

"असावं म्हणे!" ऊना म्हणाली. "हेस्टर, बुलडोझर गावाबाहेर येऊन उभा आहे."

हेस्टरने काचेवरून नजर काढली. तिला कागदाची चिंता नव्हती. चिंता होती पुढच्या पायरीची. ती उठून बोलली असती, तर सर डेन्झिलनी भर सभेत हार मानली नसती. त्यांच्यासारखी माणसे पाहणाऱ्यांसमोर कधीच हरत नाहीत. मग मिस्टर इलिफ यांनी प्रामाणिकपणे लिहिले असते, तज्ज्ञांत मतभेद आहे. मंत्रालयाने मतभेद मिटवायला तो आपल्या समितीकडे पाठवला असता, आणि समितीत बसले होते सर डेन्झिल. संशयाचा फायदा या देशात नेहमी रस्त्याला मिळतो. मनोरा वाचायचा तर मत बदलायला हवे होते ते त्यांचेच, आणि ते बदलताना त्यांना कोणी ढकलले हे कोणाला दिसता कामा नये होते. इंग्लंडात अशा कामासाठी एक जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली आहे. ठराव दुपारी होतात, पण ठरतात जेवणाच्या टेबलावर.

व्हाइट हार्टच्या भोजनगृहात सर डेन्झिल कोपऱ्यात एकटेच बसले होते. शेजारच्या खुर्चीवर चित्राची चौकट होती. ती त्यांची स्वतःची होती आणि ते ती नजरेआड होऊ देत नव्हते. समोर मटणाचे काप, पुदिन्याची चटणी आणि तांबड्या वाइनचा पेला. हेस्टर न विचारता समोर बसली.

"डॉक्टर मॅबट! बसा ना. बसलातच म्हणा. मटण बरंय, कोबीला मात्र त्यांनी उकळून उकळून सक्तमजुरी दिलीय."

"सर डेन्झिल, तुमचा कागद बिनरेघांचा आहे."

सुरी मटणात अर्ध्यावर थांबली. त्यांना कळले आहे हे हेस्टरला दिसले. अज्ञान हा त्यांचा दोष कधीच नव्हता; त्यांना सगळे माहीत होते, फक्त पाहायला सवड नव्हती.

"हे चित्र माझ्या मावशीनं दिलेलं," ते सुरी खाली ठेवत म्हणाले. "चौकटीतून कधी काढलंच नाही मी."

"ते दिसतंच आहे."

"गाईंचं काय?"

"सावल्या उलट्या आहेत. पशुवैद्याच्या बायकोलासुद्धा कळलं ते."

त्यांनी वाइनचा एक मोठा घोट घेतला. "तुम्हाला काय हवंय?"

"मनोरा."

"आणि?"

"आणि काही नाही. दुपारी तुम्हीच उठायचं. सुट्टीत तुम्हाला शंका आली, तुम्ही कागद नीट न्याहाळलात, तुमचं मत बदललं. माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत आहे, ते मी मागे घेते."

सर डेन्झिल तिच्याकडे संशयाने पाहू लागले. फुकट मिळणाऱ्या गोष्टींची त्यांना सवय होती, पण त्या शत्रूकडून मिळण्याची नव्हती. "डॉक्टर मॅबट, मला आपलं वाटायचं, तुम्ही माझा तिरस्कार करता."

"करते ना. अगदी मनापासून. पण तो थांबू शकतो. बुलडोझर थांबत नाही."

ते हसले, आणि हसताना खरोखरच देखणे दिसले, हे तिने नोंदवून ठेवले, जसे एखाद्या पडीक घराचे चांगले धुरांडे नोंदवावे. "आणि जलचिन्हात साल आहे, हे पाहिलंत तुम्ही?"

"चौकट तुमची आहे. बघा ना काढून."

"इथे? चटणीच्या वाटीशेजारी?" त्यांनी आजूबाजूला पाहिले. काउन्सिलचे वकील मिस्टर सँडीलँड्स दोन टेबले सोडून सूप पीत होते. "नको. तुमचा शब्द पुरे आहे मला."

"सकाळी पुरला नव्हता."

"सकाळी मी जेवलो नव्हतो," सर डेन्झिल म्हणाले आणि त्यांनी मटण पुढे चालू केले. करार झाला होता.

पायऱ्यांवर ऊना वाट पाहत होती. सगळे ऐकल्यावर तिचा चेहरा लालबुंद झाला. "त्या माणसाला? तुला मूर्ख ठरवलं त्यानं सगळ्या गावासमोर, आणि तू त्यालाच आयतं ताट वाढून आलीस?"

"त्याला श्रेय दिलं. तो त्याच्यावरच जगतो, त्याला दुसरं काही पचत नाही."

"आणि तुला काय मिळालं?"

हेस्टरने मनोऱ्याकडे बोट केले. ऊना पुटपुटत राहिली, पण हळू.

दुपारी सर डेन्झिल उठले, आणि जे बोलले ते सुंदर बोलले. संशोधकाचे पहिले कर्तव्य स्वतःवर संशय घेणे हे आहे, असे त्यांनी सांगितले. भोजनाची वेळ आपण या कागदाच्या सहवासात घालवली, असे सांगितले; ते खरेही होते, तो शेजारच्या खुर्चीवर होता. सावल्या, डाग, बिनरेघांचा कागद, पत्र्यावरून मनोरा पुसणारा शौकीन नातू, सारे त्यांनी अशा गोडीने उलगडले की हा शोध यांनीच लावला असावा, असे क्षणभर हेस्टरलाही वाटून गेले. जळालेल्या छपाईविषयी डॉक्टर मॅबट यांची नोंद अचूक आहे, असे म्हणून त्यांनी तिच्या दिशेने मान किंचित झुकवली. मनोरा, त्यांच्या विचारपूर्वक बनलेल्या मताप्रमाणे, सोळाव्या शतकातला होता.

मिस्टर सँडीलँड्स यांचा चेहरा त्या कोबीसारखा झाला. "कागद गुळगुळीत आहे," ते ओरडले, "एवढ्यावरून जिल्ह्याचा रस्ता अडवायचा? सकाळी हे गृहस्थ एक बोलतात, दुपारी दुसरं. संध्याकाळपर्यंत थांबलो तर मनोरा रोमनांनी बांधला म्हणतील!"

"मुद्दा गैरवाजवी नाही," मिस्टर इलिफ म्हणाले. "सर डेन्झिल, मी सामान्य माणूस आहे. रेघांचा कागद आणि बिनरेघांचा, मला दोन्ही सारखेच. माझ्या डोळ्यांना दिसेल असं काही आहे?"

"अर्थात. जलचिन्ह."

रखवालदाराने चौकटीची पाठ उघडली. सर डेन्झिलनी कागद नजाकतीने उचलला आणि टेबलावरच्या दिव्याखाली धरला. उजेड कागदाच्या तोंडावर पडला. घर, धुरांडी, दोन गाई, आणखी काही नाही. त्यांनी कागद तिरपा केला, जवळ नेला, लांब धरला. "इथंच कुठंतरी..." सभागृहात कोणी खोकले. मिस्टर सँडीलँड्सच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उगवू लागले.

हेस्टरच्या ध्यानात आले. या माणसाने चाळीस वर्षे छापचित्रे पाहिली होती आणि एकदाही कागद पाहिला नव्हता. प्रकाश कागदावर नव्हे, कागदातून पडावा लागतो, आणि ते काम त्याच्यासाठी नेहमी दुसऱ्याच कोणीतरी केलेले होते. अशा कोणाची तरी आता गरज होती. ती उठली असती तर कोणाला काय ठाऊक होते हे उघड पडणार, सर डेन्झिल दुखावणार, दुखावले की पुन्हा फिरणार. ती बसून राहिली असती तर मनोरा याच क्षणी पडत होता, इथे, दिव्याखाली. शिवाय तिच्याही डोळ्यांनी ते साल पाहिलेले नव्हते. तावाच्या दोन अर्ध्यांपैकी हा कोणता?

ती उठली. घाई केली नाही. घाई करण्याची पाळी चूक असलेल्यांवर येते.

"खिडकीकडे, सर डेन्झिल," ती म्हणाली, विसरलेला चष्मा हातात द्यावा तशा स्वरात, आणि त्यांच्या हातातून कागद दोन कोपऱ्यांना धरून घेतला. खिडकीसमोर तिने तो वर उचलला. दुपारचे फिकट ऊन कागदातून आले तसा कोरीव रेघांचा जोर ओसरला, आणि कागद पातळ दुधासारखा उजळला. वरच्या अर्ध्यात काही नव्हते. मधल्या भागात काही नव्हते. तिने कागद आणखी वर धरला. मग तळाच्या समासात, काठाला अगदी चिकटून, कागदवाल्याच्या नावाची उलटी अक्षरे दिसली. तिने कागद फिरवून सुलट केला.

मिस्टर इलिफ टेबलामागून उठून तिच्या शेजारी आले. त्यांनी चष्मा लावला आणि शाळकरी मुलासारखे बोट ठेवत वाचले. "एक. आठ. शून्य. तीन." मग सभेकडे वळून, मोठ्याने, "अठराशे तीन."

"मी म्हणालोच," सर डेन्झिल म्हणाले.

मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसले, आणि ते हसू पुढच्या रांगांपर्यंत पसरत आले. सगळ्यांना सगळे कळले होते. मिस्टर इलिफ यांनाही. ते जागेवर परतले, आणि यादी पाहून सौम्यपणे म्हणाले, "डॉक्टर मॅबट, तुम्ही तुमचं नाव मागे घेतलंत असं दिसतंय. हवं तर अजून बोलू शकता."

हसू थांबले. सर डेन्झिलनी तिच्याकडे पाहिले. त्या रुपेरी चेहऱ्यावर पहिल्यांदाच असे काही होते, ज्याला आवाज नव्हता. त्यांना संपवायला एक वाक्य पुरेसे होते, आणि हेस्टरने ते तीस वर्षे घासूनपुसून ठेवले होते. त्यात एक शब्द कमी नव्हता की जास्त नव्हता. तिने ते जिभेवर एकदा तोलले.

"नको, महाशय," ती म्हणाली. "सर डेन्झिल यांचं म्हणणं मला पूर्णपणे मान्य आहे."

या वेळी सर्वांत मोठ्याने हसले ते सर डेन्झिलच. सगळ्यांच्या हसण्यात आपले हसणे मिसळून ते आपलेच करून टाकणे, हे त्यांचे खरे पांडित्य होते. पण हसताना त्यांनी तिच्यापुढे मान लववली, आणि सकाळच्यापेक्षा बरीच खाली.

"सतराशे अडतीस साली मनोरा नव्हता, याला आता पुरावा उरलेला नाही," मिस्टर इलिफ लिहिता लिहिता म्हणाले. "तो सोळाव्या शतकातला आहे, यावर दोन्ही तज्ज्ञांचं एकमत आहे. पाडण्याची शिफारस मी करणार नाही." मिस्टर सँडीलँड्सनी रस्त्याची नवी आखणी करण्यासाठी मुदत मागितली. ती मिळाली.

बाहेर गाव मनोऱ्याच्या पायथ्याशी जमले होते. क्रॉनिकल वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला सर डेन्झिल हवे होते, आणि सर डेन्झिल आधीच कमानीखाली, बुरुजाला हलका हात टेकवून उभे होते, जणू तो आताच बांधून झाला आहे.

"बाई, तुम्ही पण या ना शेजारी," छायाचित्रकार म्हणाला.

"जा की!" ऊनाने तिला कोपराने ढोसले.

हेस्टर गेली ती छायाचित्रकाराच्या मागे. तिने कॅमेऱ्यातून पाहिले आणि कपाळाला आठी घातली.

"अहो, इतक्या जवळून काय घेताय? मागे सरका. आणखी. रस्त्यापलीकडे जा."

"पण मग साहेब अगदीच लहान येतील, बाई."

"येऊ देत. पाय कापले गेले तरी हरकत नाही त्यांचे. वरचा कठडा तेवढा कापू नका."

छायाचित्रकार रस्ता ओलांडून गेला. हेस्टर चौकटीबाहेर झाली, आणि तिने हात वर करून त्याला खूण केली, की आता घ्या.